किल्ली कोणाकडे असते? गावाकडच्या शौचालय-ॲपबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमरावती, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतली 140 सार्वजनिक शौचालयं तुम्ही तिघा मित्रांनी ॲपवर टाकली. प्रत्येकाला पाचपैकी तारे द्यायची सोय केली आणि तृतीयपंथी मंडळींना ॲप दाखवलं. लोकांनी ते घेतलं, एकदा उघडलं आणि परत उघडलंच नाही. आता फोटो घालावेत, गप्पांची सोय करावी, की नकाशा सुधारावा, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं आरोग्य केंद्रं, पाणवठे आणि शौचालयं यांच्या नोंदींची सॉफ्टवेअर बनवते. बहुतेक काम वर्धा-यवतमाळ पट्ट्यातलं आहे, आणि अगदी तुमच्यासारख्याच एका ॲपवर चार वर्षं गेली. मी स्वतः पारलिंगी (ट्रान्सजेंडर) नाही. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते ज्यांच्यासोबत स्टँडवर, नाक्यावर, त्यांच्या घरी बसले त्यांच्याकडून शिकलेलं आहे. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी आत्ता बाजूला ठेवा. आधी तुम्ही नोंदवता काय, ते बदलायला हवं.

आमच्या ॲपच्या पहिल्या महिन्यात तृतीयपंथी मंडळींच्या एका गुरूंच्या, म्हणजे त्यांच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या घरी फोन दाखवायला गेले होते. नकाशावर हिरवे-लाल ठिपके दिसत होते. त्यांनी पाच मिनिटं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, जागा आमाले माईत हायेत. सारा जन्म याच रोडनं गेला. कोन्या टायमाले जायाचं, थे सांगते का तुमचा मोबाइल?" तो सांगत नव्हता. तुमचाही सांगत नाही.

हे नीट कळलं ते एका तालुक्याच्या स्टँडवर. तिथल्या महिला शौचालयाच्या दाराशी एक मावशी टेबल टाकून बसायच्या. टेबलावर सुट्या पैशांचा डबा, पायाशी फिनाइलची बाटली. आतल्या तीन दारांपैकी एकालाच कडी होती. दुसऱ्याला तारेचा आकडा होता आणि तिसरं दार हाताने ओढून धरावं लागे. संध्याकाळी पाचला माझ्यासोबतची एक तृतीयपंथी मैत्रीण आत जायला निघाली, तर मावशी हळूच म्हणाल्या, "आता नोको माय. शाळेची गाडी जाऊ दे, मंग जाजो. त्या मधल्या दाराले कडी हाय." साडेपाचला मुलींची गाडी गेली, स्टँड मोकळा झाला, मैत्रीण जाऊन आली. कोणी वळूनही पाहिलं नाही. त्या एका वाक्यात मावशींनी वेळ, गर्दी आणि कडी असलेलं दार अशा तिन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांची सुट्टी असते त्या दिवशी तिथे दुसरा माणूस बसतो, आणि तो हटकतो. शौचालय तेच, दार तेच. त्याला तारे किती द्याल?

म्हणून तारे काढून टाका. सरासरीत चांगला अनुभव आणि वाईट अनुभव एकमेकांना खाऊन टाकतात आणि 3.2 असा आकडा उरतो, ज्यावर विसंबून कोणी पाऊल टाकू नये. त्याऐवजी एका जागेची नोंद वेळेनुसार तुकड्यांत ठेवा: सकाळी, दुपारी, शाळा-कॉलेज सुटताना, रात्री, बाजाराच्या दिवशी. प्रत्येक तुकड्यासाठी साधे प्रश्न विचारा. दाराशी कोणी बसतं का? हटकलं का? पुरुषांच्या बाजूला गेलात की बायकांच्या? आतून कडी लागली का? पाणी होतं का? दिवा होता का? पाणी आणि दिवा आपल्याकडे एकाच तारेवर असतात, लाइन गेली की पंपही बंद आणि टाकीही कोरडी, म्हणून हे दोन्ही वेगवेगळ्या वेळांना विचारायला हवेत.

आमच्याकडून झालेली एक चूक सांगते. महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपाबद्दल दिवसा गेलेल्या दोघींनी फार चांगलं लिहिलं होतं. आम्ही त्याला हिरवा ठिपका दिला. काही आठवड्यांनी त्या ठिपक्याच्या भरवशावर एक मुलगी रात्री अकराला तिथे उतरली. रात्रपाळीची माणसं वेगळी होती. तिला शिवीगाळ झाली, अंगावर हात टाकायचा प्रयत्न झाला, आणि पुढची गाडी मिळेपर्यंत ती अंधारात रस्त्याच्या कडेला उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला आणि एवढंच विचारलं की हिरवं कोणी केलं होतं. हिरवं मी केलं होतं. तेव्हापासून आमच्या ॲपमध्ये 'सुरक्षित' हा शब्द कुठेच नाही. आम्ही फक्त लिहितो की अमुक वेळी गेलेल्यांना त्रास झाला नाही, आणि ज्या वेळेची नोंद नाही तिथे ठळक अक्षरांत 'माहिती नाही' असं दिसतं. तुम्हीही हेच करा. न लिहिलेल्या वेळेचा रंग दुसऱ्या वेळेवरून भरू नका.

आता जागा कोणत्या शोधायच्या, याबद्दल. अमेरिकेत 2014 मध्ये टीगन विडमर यांनी 'रेफ्यूज रेस्टरूम्स' सुरू केलं. त्याआधीची 'सेफ-टू-पी' नावाची यादी बंद पडली होती, तिच्यातल्या सुमारे 4,500 नोंदी घेऊन त्यांनी सुरुवात केली. त्याचा कोड खुला आहे, तो जरूर वाचा. जागा कशी सापडेल हे शब्दांत लिहायची वेगळी ओळ त्यांनी ठेवली आहे, ती कल्पना फार कामाची आहे. पण त्यांच्याकडे पाटी नसलेली, एका माणसापुरती खोली हॉटेलात, कॉफीच्या दुकानात सापडते. आपल्याकडे तशी खोली कुठे आहे? आहे, पण ती 'सार्वजनिक शौचालय' या यादीत येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, पंचायत समितीच्या मागच्या बाजूला, लहान दवाखान्यात, जुन्या पेट्रोल पंपावर एकच खोली असते. आतून कडी, बाहेर स्त्री-पुरुष पाटी नाही. आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे रेल्वेचा डबा. डब्यातल्या संडासाला बाईचं-पुरुषाचं असं काही नसतं, म्हणून वर्धा-बल्लारशा किंवा बडनेरा मार्गावर फिरणाऱ्या कितीतरी जणी गाडीतून उतरायच्या आधीच आटोपून घेतात. हे मी त्यांच्याकडून ऐकलं आणि मग आमच्या यादीचा क्रमच बदलला: एकखोली जागा सगळ्यात वर, दोन बाजू असलेली सुलभ शौचालयं त्याखाली. तुमच्या 140 पैकी एकखोली किती आहेत ते आधी मोजा.

पेट्रोल पंपांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे पंपावर शौचालय आणि पिण्याचं पाणी ग्राहकांना मोफत द्यावं लागतं, आणि तक्रारीची सोयही असावी लागते. हिंगणघाट, जाम, पांढरकवडा या पट्ट्यात महामार्गावर पंपांची कमी नाही. पंपमालकाशी एकदा समोरासमोर बोलणं झालं तर दिवसपाळीचं चित्र बदलतं, हा माझा अनुभव आहे. रात्रपाळीशी वेगळं बोलावं लागतं.

गावांमध्ये प्रश्न आणखी निराळा. आपण घराघरांत संडास बांधले. 2018 मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण घरातला संडास घरच्यांसाठी असतो. बाहेरगावाहून बाजाराला, जत्रेला किंवा बधाईला (मूल जन्मलं, लग्न झालं की आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला) आलेल्या तृतीयपंथी व्यक्तीला कोण दार उघडणार? स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात गावोगावी सामुदायिक शौचालय संकुलं बांधली गेली, एका संकुलाला तीन लाखांपर्यंत निधी होता. तुम्ही गावात गेलात तर ते संकुल दिसेल, नवा रंग, पाटी, आणि दाराला कुलूप. नकाशावर ते 'आहे'. माणसासाठी ते नाही. म्हणून गावाच्या नोंदीतला पहिला प्रश्न हा ठेवा: किल्ली कोणाकडे? शिपायाकडे, समोरच्या किराणा दुकानात, की सरपंचांच्या घरी? ग्रामपंचायत बंद असते तेव्हा कोणाकडे? नाव किंवा मोबाइल नंबर लिहू नका. पद लिहा, जागा लिहा. आमच्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त वाचली जाणारी ओळ हीच होती.

पत्ता लिहितानाही गावाची रीत पाळा. नकाशावरची पिन शंभर मीटर इकडेतिकडे सरकते आणि माणूस भलत्याच्या अंगणात उभा राहतो, जे तृतीयपंथी व्यक्तीला परवडणारं नाही. 'पाण्याच्या टाकीला लागून', 'पंचायत समितीच्या गेटातून डावीकडे' असं लिहा. 'रसवंतीच्या मागे' लिहू नका, कारण मृग लागला की रसवंती उठते. जत्रांची नोंद वेगळी ठेवा आणि तिला शेवटची तारीख द्या. अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या डिसेंबर-जानेवारीतल्या यात्रेतली तात्पुरती शौचालयं मार्चमध्ये ॲपवर दिसता कामा नयेत.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती गोष्ट. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून महाराष्ट्रात 40,891 जणांची नोंद झाली. ती किती अपुरी आहे हा भाग वेगळा, पण तालुक्याच्या गावात उघडपणे वावरणाऱ्या व्यक्ती किती असतात, ते तुम्हीच आठवून बघा. बोटांवर मोजता येतील. अशा ठिकाणी 'नाव नसलेली' नोंद निनावी राहत नाही. 'काल संध्याकाळी सहा वाजता स्टँडवरच्या माणसाने हटकलं' असं ॲपवर दिसलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी नेमकं ओळखतो कोणी लिहिलं. शहरासाठी बनवलेल्या ॲपमध्ये ताजी नोंद ही जमेची बाजू असते. आपल्याकडे ताजी नोंद माणसाला उघडं पाडते. म्हणून तारीख दाखवू नका, फक्त महिना दाखवा. नोंद आली की लगेच झळकवू नका, किमान तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नोंदी जमल्या की एकत्र दाखवा. यात तोटा आहे, हे मला ठाऊक आहे. लहान तालुक्यात तीन नोंदी जमायला दोन-तीन महिने जातात. तोवर धोक्याची सूचना गुरूंच्या घरातून, ओळखीतून, तोंडी जाऊ द्या. ती वाट ॲपच्या आधीपासून आहे आणि ॲपपेक्षा भरवशाची आहे.

याच कारणासाठी गप्पांची सोय नको. सगळ्यांना खुली असलेली गप्पांची जागा त्रास देणाऱ्यांनाही खुली असते. फोटोही नकोत. आमच्या एका स्वयंसेवकाने काढलेल्या फोटोत बेसिनवरच्या आरशात आतल्या बाईचा चेहरा आला होता, तो आम्हाला वेळेवर दिसला म्हणून बरं.

फोन बहुतेक वेळा एकट्याचा नसतो, हेही धरून चला. घरी न सांगितलेला मुलगा किंवा मुलगी भावाचा फोन वापरते. ॲपचं नाव आणि चित्र असं ठेवा की 'बसचं वेळापत्रक' वाटावं. 'तुम्ही काल इथे गेलात का, कसं वाटलं?' अशी सूचना स्क्रीनवर कधीही पाठवू नका. शोधलेल्या जागा फोनमध्ये साठवू नका. आणि व्यक्ती कुठे उभी आहे हे तुमच्या सर्व्हरला कळायचं काही कारण नाही. अख्ख्या जिल्ह्याची यादी फोनवर उतरवा आणि शोध फोनमध्येच होऊ द्या.

त्याला जागा किती लागेल, ही भीती नको. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट घेतं. एका जागेचं वर्णन 200 चिन्हांचं धरलं तर 600 बाइट. 1,500 जागा असल्या तरी नऊ लाख बाइट, म्हणजे एका मेगाबाइटच्या आत, आणि दाबून पाठवलं तर त्याहून बरंच कमी. नकाशाची चित्रं मात्र जड असतात, ती पहिल्या आवृत्तीत वगळा. मेळघाटात किंवा गडचिरोलीत रेंज नसतानाही मग ॲप चालेल. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी एसएमएस ठेवायचा असेल, तर मराठी एसएमएसमध्ये 70 चिन्हंच मावतात. 'टाकीजवळ. 6 नंतर. मधल्या दाराला कडी. किल्ली किराणा दुकानात.' एवढं त्यात बसतं, आणि खरं तर एवढंच लागतं.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या पहिल्या पानावर 'तृतीयपंथी' एवढंच लिहिलंय. अनेक जणी स्वतःला किन्नर म्हणवतात, शिकलेली तरुण मुलं ट्रान्स म्हणतात, आणि ज्यांचा जन्म मुलगी म्हणून झाला पण जे पुरुष आहेत ते 'तृतीयपंथी' किंवा 'किन्नर' या शब्दांत स्वतःला शोधतच नाहीत. त्यांची गरज तुमच्या ॲपमध्ये शून्य आहे. पुरुषांच्या बाजूला उघडी मुतारी असते, त्यांना बंद दार लागतं. पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला डबा लागतो, आणि पुरुषांच्या शौचालयात तो कुठेच नसतो. 'पुरुषांच्या बाजूला बंद होणारं दार आहे का, कचऱ्याचा डबा आहे का' हे दोन प्रश्न वाढवा. जिची शस्त्रक्रिया झालीय तिला आत जास्त वेळ लागू शकतो. पुरुषी संप्रेरकं दाबण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी घेणाऱ्यांना लघवी जास्त वेळा होते. बाहेर कोणी दार वाजवत नाही अशी जागा यांना हवी असते, म्हणून 'घाई करावी लागली का' असंही विचारा.

हे सगळं किती जिवाशी आलेलं आहे ते मे महिन्यात दिसतं. पारा 45 च्या वर गेलेला असतो आणि दिवसभर बाजारात फिरणारी बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, कारण प्यायलं तर जावं लागेल. मग मूत्रमार्गाला जळजळ, ताप, खडे, चक्कर. सरकारी दवाखान्यात पुन्हा कोणत्या रांगेत उभं राहायचं हा प्रश्न. तुमच्या यादीत पिण्याचं पाणी कुठे मिळतं हेही जोडा.

कायदा ॲपमध्ये असावा, पण कुठे ते सांगते. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सरकारांना सांगितलं. एप्रिल 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं गेलं की सार्वजनिक शौचालयात स्त्रियांच्या बाजूला जायचं की पुरुषांच्या, हे तृतीयपंथी व्यक्तीने ठरवावं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. सगळ्यांना खुल्या असलेल्या सार्वजनिक ठिकाणी तृतीयपंथी व्यक्तीला अडवणं हा त्याच्या कलम 18 खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. काही ॲपमध्ये 'हे कलम समोरच्याला दाखवा' असं मोठं बटण असतं. तसं करू नका. एकट्या माणसाने दाराशी उभं राहून कलम दाखवलं की चार लोक जमतात, आणि तिला त्या क्षणी भांडण नको असतं, जायचं असतं. कलम नंतरसाठी ठेवा: तक्रार लिहिताना, आगारप्रमुखांना भेटताना, ग्रामपंचायतीत अर्ज देताना.

आणि तिथेच ॲपचा दुसरा उपयोग आहे, जो तुम्ही अजून धरलेला नाही. जिथे काहीच सापडलं नाही, ते शोध मोजा. कोणी शोधलं ते नको, फक्त कोणत्या गावाच्या यादीत एकही जागा नव्हती ते. वापरणाऱ्याने होकार दिला तरच आणि महिन्यातून एकदाच हा आकडा फोनमधून येऊ द्या. अशी गावं जोडून तालुक्याचा एक कागद तयार करा आणि तो 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या आधी पंचायत समितीत द्या. मागणी मोठी ठेवू नका. बंद संकुलाचं कुलूप काढा, एका दाराला आतून कडी बसवा, बाहेर स्त्री-पुरुष पाटी नसलेली एक खोली ठेवा. गाडगेबाबांच्या मुलखातल्या ग्रामपंचायतीला एका कडीसाठी नाही म्हणणं जड जातं, हे मी दोन-तीनदा पाहिलंय.

तुमचं पुढचं पाऊल मला असं दिसतं. तीन जिल्हे सोडा, एक तालुका घ्या, तुमचा स्वतःचा. तिथल्या दोन-तीन तृतीयपंथी व्यक्तींना सोबत घ्या आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. त्या दिवशी त्यांची बस्ती (दुकानोदुकानी फिरून पैसे मागणं) बुडते, आणि नोंदी करणं हे काम आहे. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसा, मग बाजाराच्या दिवशी परत बसा. कोणत्या जागा यादीत ठेवायच्या आणि कोणत्या ॲपवर येऊच द्यायच्या नाहीत, हा निर्णय त्यांचा असू द्या. काही जागा त्यांना आपल्यापुरत्याच ठेवायच्या असतात. पहिल्या तीस-चाळीस नोंदी झाल्या की मला पाठवा, मी एकेक वाचून कळवेन. उन्हं तापायच्या आत, म्हणजे मार्चपर्यंत झालं तर फार बरं.